मांडी पुरेना – दोन लहान मुलं आणि सातवा महिना

मधलीखोली · रात्री १:२०

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. घरात सगळे झोपलेत आणि मला झोप नाही. कूस बदलायची तर आधी उशी वळवायची, मग पोट, मग मी. तोवर जाग येतेच.

थोरली ४ वर्षांची, धाकटा २१ महिन्यांचा आणि पोटातलं २९ व्या आठवड्यात. हो, तिसरं. "ठरवून का?" असं विचारणाऱ्यांना मी हल्ली "थोडं ठरवून" असं सांगते आणि विषय बदलते.

माझी अडचण हसण्यासारखी आहे. मला मांडीच राहिलेली नाही. बसले की पोट पार गुडघ्यांशी येतं आणि उरलेल्या चार बोटं जागेवर धाकट्याला बसायचं असतं. तो पाठमोरा येतो, अंदाज घेतो, टेकतो आणि घसरगुंडीवरून यावं तसा खाली जातो. उठून माझ्याकडे असा बघतो की मीच ढकललं. परवा पाचदा घसरला आणि सहाव्यांदा पोटावर थाप मारून म्हणाला, "बाजू!" म्हणजे बाजूला हो. पोटातलं काही बाजूला झालं नाही. त्याने भोकाड पसरलं, त्याच्या जोडीने मीही रडून घेतलं. थोरली तिची पाण्याची बाटली घेऊन आली आणि म्हणाली, "दोघांनी एक एक घोट घ्या."

दुसरं म्हणजे उचलणं. "उचलू नकोस गं त्याला" हे मला घरातून, शेजारून, फोनवरून, सगळीकडून ऐकू येतं. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्याला जिना उतरवायला येत नाही. १२ किलोचं पोर जिन्यात मधल्या पायरीवर आडवं पडलं की काय करायचं, हे कुणी सांगेल का?

तिसरी गोष्ट सांगू की नको, असं चाललंय. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "हालचाल कशी आहे?" मी म्हटलं, "छान." बाहेर येऊन चपला घालताना लक्षात आलं की मला खरं माहीतच नाही. थोरलीच्या वेळी माझी वही होती. पहिली लाथ १९ व्या आठवड्यात, दुपारी, डाव्या बाजूला, असं सगळं लिहिलेलं. धाकट्याच्या वेळी वही अर्ध्यावर थांबली. या खेपेला त्या उरलेल्या पानांवर थोरलीने घोडे काढलेत. पोटातलं काही मागत नाही, ओरडत नाही, म्हणून त्याचा नंबर रोज शेवटी लागतो आणि तोवर मी झोपलेली असते.

बाकी छोटे प्रश्न: धाकट्याचा डायपर बाळ यायच्या आत सोडवायचा का? तो रात्री अजून अंगावर पितो, ते चालेल का? आणि थोरली रोज उठल्या उठल्या "आज येणार?" विचारते, तिला काय सांगायचं? तुमच्या घरी काय झालं ते लिहा. पुस्तकी नको.

पानगळ · सकाळी ७:०५

"बाजू!" वाचून सकाळी सकाळी हसले, मग थोडं भरून आलं. माझ्या दोघींमध्ये २३ महिन्यांचं अंतर आहे. सविस्तर दुपारी लिहिते, आत्ता एक मोजा सापडत नाहीये.

स्पष्टवक्ता · सकाळी ९:३०

राग मानू नका, पण हे प्रश्न आधी पडायला हवे होते. एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहीपर्यंत निदान २४ महिने जाऊ द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे. तुमचं गणित केलं तर धाकटा १५ महिन्यांचाही नसेल तेव्हा. मग मांडी कशी पुरणार?

मधलीखोली · सकाळी ९:५०

गणित बरोबर आहे. जिन्यात पोर आडवं पडतं त्याचं उत्तर मात्र यात सापडलं नाही.

रात्रपाळी · सकाळी ११:१५

मी प्रसूती विभागात असते, बहुतेक रात्रपाळीला, म्हणून हे नाव. नुकतीच घरी आलेय, चुकलं-माकलं समजून घ्या.

@स्पष्टवक्ता, शिफारस खरी आहे. पण ती कशासाठी आहे तेही सांगा ना. बाळंतपण आणि अंगावर पाजणं यात आईच्या शरीरातला लोहाचा, फोलेटचा साठा उतरतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. आता सातव्या महिन्यात तिला अंतर वाढवून देता येणार नाही. करता येतं ते एवढंच, की हिमोग्लोबिन वेळेवर बघायचं. शेवटच्या तिमाहीत ११ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय धरतात. आणि दिलेल्या गोळ्या खरंच घ्यायच्या. "मुलांच्या गडबडीत राहून गेल्या" हे मी आठवड्यातून तीनदा ऐकते.

आता मधलीखोली, तुझा शेवटचा मुद्दा मी पहिला घेते, कारण बाकी सगळं थांबू शकतं.

२८ आठवड्यांच्या आसपास बाळाच्या हालचालींना एक लय येते. कुणाचं बाळ रात्री धिंगाणा घालतं, कुणाचं पहाटे. ती लय तुला ओळखीची व्हायला हवी. तू दिवसभर पळतेस, उचलतेस, वाकतेस, तेव्हा लहानसहान हालचाल कळतच नाही. त्यात तुझं हे पहिलं नाही, म्हणून ती "नेहमीची" वाटून मनावर नोंदवलीही जात नाही. तर दोघं झोपली की कुशीवर पड, फोन लांब ठेव आणि नुसती लक्ष देऊन पड. आम्ही सांगतो ते माप म्हणजे २ तासांत १० हालचाली. लाथ, वळण, लोळण, सगळं मोजायचं. उचकी मोजायची नाही. बहुतेक वेळा २ तास लागतच नाहीत, अर्ध्या तासात दहा होतात.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की नेहमीपेक्षा कमी वाटतंय का. वाटलं, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच यायचं. "शेवटी शेवटी जागा कमी पडते म्हणून हालचाल मंदावते" असं सर्रास सांगतात. ते चूक आहे. ठोशाऐवजी ढकलल्यासारखं वाटेल, पण कमी होता कामा नये. आणि झोपताना कुशीवरच, शेवटची तिमाही उताणं झोपायचं नाही. जाग आल्यावर उताणी सापडलीस तर घाबरू नकोस, परत वळ.

उचलण्याचं म्हणशील तर तब्येत ठणठणीत असेल, रक्त जात नसेल, वार (प्लॅसेंटा) खाली नसेल, गर्भाशयाच्या तोंडाची काही तक्रार नसेल, तर १२ किलोचं पोर अधूनमधून उचलल्याने आभाळ कोसळत नाही. तरी तुझ्या डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचार. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं, त्याला छातीशी घट्ट धरायचं आणि मग पायांच्या जोरावर उठायचं. उचलताना कंबर पिळायची नाही. या दिवसांत सांधे सैलावलेले असतात, कंबर तिथेच दगा देते. आणि जिना उतरताना पोट आडवं येतं, पायरी दिसत नाही. तिथे तू त्याला उचलूच नकोस. जिन्यावर बूड घासत उतरायला शिकव. पोरांना तो खेळ वाटतो.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण सांगते. धाकट्याच्या ताटातलं उरलेलं तू संपवतेस का? बहुतेक आया संपवतात. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत महिनोन्‌महिने असू शकतो. मुलाला त्याचं काही होत नाही, पण गरोदरपणी आईला लागण झाली तर क्वचित पोटातल्या बाळाच्या कानांवर परिणाम होतो. म्हणून उष्टं खायचं नाही, त्याचा चमचा आपल्या तोंडात नाही, डायपर बदलल्यावर हात साबणाने नीट चोळून धुवायचे, आणि पापी ओठांवर न घेता कपाळावर घ्यायची. एवढंच. त्याला लांब ठेवायचं असा याचा अर्थ नाही.

मधलीखोली · दुपारी २:१०

उष्टं वाचून हात थबकला. खरंच थबकला, चमचा हातातच होता.

रात्रपाळी, मनापासून आभार. आता तू झोप.

पानगळ · दुपारी ३:००

मोजा फ्रीजमध्ये होता.

अंगावर पाजण्याबद्दल माझा अनुभव. मोठी दीड वर्षाची असताना मला चौथा महिना होता आणि ती दिवसातून तीनदा प्यायची. सगळ्यांनी घाबरवलं की पोटातल्याच्या वाटचं ही पिऊन टाकतेय. माझ्या डॉक्टर म्हणाल्या, गरोदरपण सुरळीत असेल तर चालेल. आधी कधी वेळेआधी बाळंतपण झालं असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर थांबवू. पाचव्या महिन्याच्या सुमाराला माझं दूध आपोआप कमी झालं. पुढे ते चिकाचं व्हायला लागतं, चव बदलते. माझ्या लेकीने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरी बाजू मागितली. तिथेही तेच. आठवड्याभरात तिने स्वतःच सोडलं. मला वाटलं होतं की सुटकेचा आनंद होईल. नाही झाला. त्या रात्री मीच तिला दोनदा विचारलं, "नको का?"

तुझा अजून पीत असेल आणि तुला त्रास होत नसेल तर घाईने तोडू नकोस. बाळ आल्यावरही त्याला हवं असलं तर मिळेल, फक्त आधी नवजाताला पाजायचं, मग याला. तुला मात्र पाजताना अंगाचा संताप संताप होत असेल (मला व्हायचा, कुणी सांगितलंच नव्हतं की असंही होतं), तर आता थांबवायला काही हरकत नाही.

डायपरचं माझं मत ठाम आहे. तो आता नादी लागणार नाहीसं दिसलं तर सोडून दे. मी अट्टहासाने आठव्या महिन्यात मोठीला शू सांगायला शिकवलं. बाळ घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती येऊन माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि जमिनीवर केली. दोन महिने तेच. शिकवलेलं पाण्यात गेलं असं म्हणत नाही, फरशीवर गेलं.

दोघांचाबाबा · संध्याकाळी ६:४५

धाग्यावर पुरुष कमी दिसतात म्हणून लिहितो.

आमच्या दुसऱ्याच्या वेळी बायकोला बत्तिसाव्या आठवड्यात विश्रांती घ्यायला सांगितली. मुलगा अडीच वर्षांचा. त्याला झोपवायचं काम जन्मापासून आईचं. मी मागे "मदत" करायचो, म्हणजे दिवा बंद करायचो.

पहिल्या रात्री मी आत गेलो आणि त्याने मला दाराकडे बोट दाखवलं. पन्नास मिनिटं रडला. बाहेर ती रडत होती. दुसऱ्या रात्री ती आत आली, आणि माझ्या मते तीच चूक झाली, कारण तिसऱ्या रात्री तो दाराकडे बघूनच रडला. मग आम्ही ठरवलं, ती त्या वेळेला घराच्या दुसऱ्या टोकाला राहील. नवव्या रात्री तो माझ्या दंडाला धरून झोपला. आईसारखं गाणं मला येत नाही. मी त्याला दिवसभरात दिसलेल्या गाड्यांची यादी सांगतो. अजूनही सांगतो.

मुद्दा असा की तुमच्याकडे ११ आठवडे आहेत. धाकट्याची झोप, आंघोळ, जिना, जे काही फक्त तुमच्याकडूनच करून घेतो, ते आत्ता दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाऊ द्या. बाळ आल्या दिवशी दिलं तर त्याला वाटेल की बाळाने घेतलं. आत्ता दिलं तर फारतर बापाचा राग येईल, आणि तो बाप पचवू शकतो.

मधलीखोली, तुमच्या लिहिण्यात नवऱ्याचा उल्लेख आला नाही म्हणून विचारतो, ते घरी असतात का?

मधलीखोली · रात्री ९:३०

असतो, असतो. चांगला आहे बिचारा. घरी यायला साडेसात होतात आणि तोवर माझी दोन्ही पोरांवरची सत्ता इतकी पक्की झालेली असते की त्याला कुणी विचारत नाही. तुमचं वाचून दाखवलं. म्हणाला, "गाड्यांची यादी मलाही जमेल." आज पहिली रात्र. मी स्वयंपाकघरात बसून हे टाइप करतेय. आतून आवाज येतोय, तो गाड्यांचा नाही.

एकुलती · रात्री १०:१०

मला एकच मुलगा आहे, दुसऱ्याचा विचार चाललाय, म्हणून हा धागा वाचायला घेतला आणि विचार जरा लांबला. मोजा फ्रीजमध्ये का होता, हे कुणी सांगेल का?

पानगळ · रात्री १०:२५

विचारायचं नसतं.

ओसरी · दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:१५

पोरींनो, मी वयाने तुमच्या आयांच्याही पुढची. मला तीन, त्यातली पहिली दोन पाठोपाठची. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे मी लिहिणार नाही, कारण आमच्या वेळी असंच होतं, फक्त लिहायला जागा नव्हती.

थोरलीच्या "आज येणार?"बद्दल. तारीख सांगू नका. माझ्या नातवासाठी सुनेने रंगीत कागदाच्या कड्यांची साखळी केली, रोज एक तोडायची. शेवटची कडी तोडली आणि बाळ काही आलं नाही. पुढचे सहा दिवस पोरगा दाराशी उभा. सांगितलेल्या तारखेलाच येणारी बाळं विसात एखादंच. ३७ आठवडे झाले की कधीही, आणि ४१ झाले तरी कधी कधी नाही. त्यापेक्षा "आधी तुझा शाळेतला कार्यक्रम होईल, मग मावशी राहायला येईल, मग बाळ" अशी कशाच्या तरी मागे-पुढे सांगा. मुलांना आकडा कळत नाही, पण रांग कळते.

आणि मांडीबद्दल एकच. मुलं बाळाला बघायला पहिल्यांदा येतील, तेव्हा बाळ मांडीवर नको. पाळण्यात ठेव, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे दे. मांडी मोकळी ठेव. धाकटा आत येईल तो बाळ बघायला येत नाही, मांडी आहे का ते बघायला येतो.

रात्रपाळी · सकाळी ८:००

ओसरीआजींना +१. वॉर्डात हे रोज बघते. आई बाळाला छातीशी धरून बसलेली आणि दारात दोन वर्षांचं पोर थिजलेलं.

अवांतर, पण महत्त्वाचं: बाळंतपणासाठी निघायची तयारी लवकर ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळा सहसा पहिल्यापेक्षा भराभर पुढे जातात. "पहिलीच्या वेळी रात्रभर लागली" या हिशोबाने थांबू नका. रात्री दोनला निघायचं झालं तर मुलांजवळ कोण, दोघांची बॅग कुठे, किल्ली कुणाकडे, हे आत्ता ठरवा. आणि त्या माणसाला एकदा खरंच रात्री दोनला फोन लावून बघा, उचलतो का.

स्पष्टवक्ता · सकाळी १०:४०

कालचं माझं लिहिणं बायकोने वाचलं. तिने सांगितलं की आमच्या दोन मुलांत अंतर १७ महिन्यांचं आहे, आणि ते मी मोजलं नव्हतं. एवढंच.

पानगळ · सकाळी १०:५५

याला म्हणतात स्पष्टवक्ता.

मधलीखोली · सहा दिवसांनी, पहाटे ३:४०

हे कुणाला तरी सांगायला हवं म्हणून लिहितेय.

रात्रपाळीने सांगितल्यापासून रोज दोघं झोपली की पडत होते. बाळाची लय कळायला तीन रात्री पुरल्या. साडेनऊला सुरुवात, उजव्या बरगडीखाली टाच, मग सगळंच अंग एका बाजूला. मला वाटलं, इतके दिवस हे रोज होत होतं आणि मी भांडी आवरत होते.

आज साडेनऊला काही नाही. दहाला एक हलकं ढकलणं. पाणी प्यायले, कूस बदलली. सव्वाअकरापर्यंत तीन. नवरा म्हणाला, "झोपलं असेल." मीही तेच म्हणणार होते. मग आठवलं की सकाळची वाट बघायची नाही. शेजारच्या काकूंना फोन केला. (परवाच तालीम केली होती रात्री दोनची. काकूंनी दोन शिव्या घालून का होईना, पण उचलला होता.) त्या पाच मिनिटांत उशी घेऊन आल्या.

तिथे पट्टे लावले आणि ठोके ऐकू आले. घोडा दौडावा तसे. मला एकदम ती वही आठवली, घोड्यांची. चाळीस मिनिटं कागद निघत होता. मधेच बाळाने अशी लाथ मारली की पट्टा सरकला. सगळं ठीक आहे. उगाच आले, म्हणून मी माफी मागितली, तर ड्युटीवरच्या बाई म्हणाल्या, "पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या. उद्या वाटलं तर उद्या या."

घरी आलो तर धाकटा जागा. काकूंच्या मांडीवर, सैलसर पसरून. काकूंना भरपूर मांडी आहे. माझ्याकडे बघून हसला, पण उठला नाही.

रात्रपाळी · पहाटे ३:५५

मी ड्युटीवर आहे, आत्ताच वाचलं. बरं केलंस.

दोघांचाबाबा · सकाळी ७:२०

झोपलं असेल म्हणणाऱ्या नवऱ्यांच्या वतीने, आम्ही घाबरलेलो असतो तेव्हाच तसं म्हणतो. तुम्ही ऐकलं नाहीत ते चांगलं केलंत.

एकुलती · सकाळी ९:००

मुलांसमोर असं अचानक रात्री जावं लागलं तर त्यांना काय सांगायचं?

ओसरी · सकाळी ९:२०

खरं ते. "बाळाला तपासायला गेलो होतो, बाळ बरं आहे, आम्ही परत आलो." "कुठे नाही, काही नाही" म्हटलं की पुढच्या वेळी आई संडासात गेली तरी दार वाजवतात.

पानगळ · दुपारी १:३०

थोरलीच्या वर्गात कांजिण्या निघाल्यात, असं तू मागे दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतंस ना? तुला लहानपणी येऊन गेल्यात की नाही, ते आईला विचारून घे. नसतील किंवा लसही घेतली नसेल, तर घरात कुणाला पुरळ उठायची वाट न बघता डॉक्टरांना फोन. तो आजार पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतो.

मधलीखोली · दुपारी ४:००

येऊन गेल्यात, कपाळावर खूण आहे. आई म्हणाली, "तुझ्या वेळी मलाही आठवा होता, आणि तुला मी कडेवर घेऊनच फिरत होते." बघा. आमच्या घराण्यात उचलणं चालूच आहे.

बाकी प्रगती अशी: गाड्यांची यादी सहाव्या रात्री चालली. धाकटा आता जिना बूड घासत उतरतो, सगळ्या विजारींना मागे भोकं पडायला आलीत. अंगावरचं त्याने सोडलेलं नाही, रात्री दोन मिनिटं पितो आणि "संपं" म्हणतो. डायपरचा विषय मी बंद केलाय. मांडीला पर्याय निघाला तो असा, की मी पलंगाला टेकून पाय लांब करते आणि तो माझ्या नडगीवर घोड्यासारखा बसतो. पोटापासून दोन फूट लांब, पण मांडीच म्हणायची.

थोरलीने मात्र साखळी केलीच. मी तारीख सांगितली नव्हती. तिने बापाकडून काढून घेतली.

मधलीखोली · दहा आठवड्यांनी, सकाळी ११:३०

एका हाताने लिहितेय. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत. निघाल्यापासून अडीच तासांत. रात्रपाळीचं ऐकलं नसतं तर गाडीतच झाली असती. काकूंनी पहिल्याच रिंगला उचलला, शिवी न घालता.

बाळंतपणानंतरच्या पोटातल्या कळांबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं, तुमच्यावर राग आहे. बाळ प्यायला लागलं की गर्भाशय आवळतं म्हणे, आणि प्रत्येक खेपेला जास्त. थोरलीच्या वेळी कळल्याही नव्हत्या, या वेळी उशी चावली.

ओसरीआजी, मांडी मोकळी ठेवली होती. बाळ पाळण्यात, मी पाय सोडून बसलेले, हात पसरलेले, डोळ्यांत पाणी तयार. धाकटा दारातून आला, धावत आला, चढला, टेकला. घसरला नाही. त्याने खाली बघितलं, पोट चाचपलं. अर्धा मिनिट बसला असेल. मग त्याला पलंग वर-खाली करायचं बटण दिसलं आणि मी पुढची पंधरा मिनिटं वर-खाली होत होते.

ओसरी · दुपारी १२:०५

खूप खूप आशीर्वाद. बटण दिसलं म्हणजे पोर बिनघोर आहे.

रात्रपाळी · दुपारी १२:४०

अभिनंदन! कळांचं राहिलंच, चूक कबूल. पाजायच्या थोडं आधी लघवीला जाऊन ये, मूत्राशय रिकामं असलं की जरा कमी दुखतं, आणि वेदनाशामक गोळी मागायला लाजू नकोस. दोन-तीन दिवसांत ओसरतं. घरी गेल्यावर बाळाला स्वतंत्र झोपव, पाठीवर, आणि धाकट्याच्या शेजारी नको. एवढी पोरं झोपेत लोळतात.

पानगळ · दुपारी १:१५

साखळीचं काय झालं?

मधलीखोली · दुपारी ३:५०

चार कड्या उरल्यात. थोरली बाळाला बघून म्हणाली, "छान आहे. पण हिला अजून चार दिवस परत आत ठेवा."